मेंढरांमागं जाण्याआधी

राजीनामा लगेच टाकू नका, आधी बिनपगारी रजा टाका. पुण्यात अकाउंट्सच्या खुर्चीवर 11 वर्षं काढून मी माणदेशात मामांच्या मेंढरांमागं लागलो, ते उलट्या क्रमानं. निदान पंधरा दिवस दुसऱ्याच्या कळपामागं फिरा, आणि तेही मे महिन्यात. थंडीतली सकाळ कुणालाही आवडते. दिवाळीनंतर आमच्याकडचे कळप चाऱ्यासाठी बाहेर पडतात ते पाऊस लागायच्या सुमारास परततात, त्यामुळे वर्षातले किती महिने घर सुटणार हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या. माझं ते बोलणं राहून गेलं होतं, त्याची बोलणी अजून खातो.

पायांत जाड तळाची वहाण हवी. माझ्या महागड्या स्पोर्ट्स शूजची बाभळीच्या काट्यांनी तिसऱ्या दिवशी चाळण केली. काटा काढायचा चिमटा खिशात, घोंगडं खांद्यावर, फांद्या ओढायला आकडी हातात. रात्री मेंढरं कोंडायला वाघर, म्हणजे जाळी, तिच्या मेखांसकट घ्या. कुत्रं कळपातच वाढलेलं असावं.

मेंढी विकत घ्यायची तर आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात आधी दोन-तीनदा नुसतं बघायला जा. ओठ उचलून दात बघायला शिका. दोनदाती मेंढी साधारण दीड वर्षाची. पहिल्यांदा घेणाऱ्यानं एकदा व्यालेली चारदाती घ्यावी. कास हातानं चाचपा, खुरं उचलून बघा. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, बाकदार नाकाची, अंगावर तपकिरी ठिपके. मटणाला चांगली, लोकर जवळपास नाहीच. काळी दख्खनी अंगानं लहान, पण चालायला आणि उपाशी दिवस काढायला खमकी. माझं मत दख्खनीच्या बाजूनं. भटक्या जमाती (क) प्रवर्गात असाल तर राज्य सरकारच्या महामेष योजनेत 20 माद्या आणि 1 नर 75 टक्के अनुदानावर मिळतात. कागद आधी जमवा.

लसींच्या तारखा भिंतीवर लिहा, मोबाइलमध्ये नको. पाऊस लागण्याआधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होणाऱ्या रोगाची लस, पीपीआर या साथीच्या विषाणूरोगाची वेगळी, पावसाच्या आधी आणि नंतर जंताचं औषध. मला सगळ्यांत महाग पडला तो मका. खळ्यावर दाण्यांचा ढीग उघडा राहिला, मी फोनवर. संध्याकाळपर्यंत दोन मेंढ्या पोट धरून आडव्या, सकाळी दोन्ही गेल्या. एकदम पोटभर दाणा गेला की पोटात आम्ल वाढतं, मग डॉक्टरलाही फार काही करता येत नाही. कोवळी ज्वारीही तशीच घातक, तिच्या पोंग्यात विष असतं. चरायला न्यायचं रान आधी एकट्यानं पायी फिरून या.

एक तयारी मात्र विकत मिळत नाही. मी सुरुवातीला एक्सेलमध्ये 43 मेंढ्यांची यादी केली होती: नंबर, रंग, वजन. पहिल्याच संध्याकाळी कोकरं सोडली तेव्हा एक जण तीन मेंढ्यांच्या कासेला लागून तिन्हींच्या लाथा खाऊन आलं. मामा लांबून, चहाची बशी तोंडाला लावत म्हणाले, "चिरक्या कानाचीचं हाय ते." ती मेंढी वाघरीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात उभी होती. कोकरू तिच्याजवळ नेलं, तिनं त्याच्या शेपटाखाली हुंगलं आणि शांत उभी राहिली. माझ्या यादीत कानाचा रकानाच नव्हता. त्यामुळे यादीऐवजी रोज पाच मेंढ्या पाठ करा, नाव ठेवून.

हाताशी सहा महिन्यांचा घरखर्च असावा. मेंढी गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांनी विते, कोकरू विकण्याजोगं व्हायला आणखी काही महिने. शेतात एक रात्र मेंढरं बसवली की लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, पण त्यावर मुलांची फी भागत नाही.

आणि ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा, सोडू नका. आखाडात मटणाला गिऱ्हाईक मला तिथूनच मिळालं.