काळी चार, कॅपो आणि क्लिक: स्वतः शिकलेल्या गिटारवादकासाठी

लालबागच्या चाळीतल्या खोलीत मी पाच वर्षे एकटीच गिटार वाजवत होते आणि आपल्याला वाजवता येते, असा माझा ठाम समज झाला होता. तो समज गणेशोत्सवातल्या एका मंडपात मोडला. भावगीतांच्या कार्यक्रमाला ऐन वेळी गिटारवादक हवा होता, म्हणून मला बोलावणे आले. पेटीवर बसलेल्या काकांनी भाता सोडवत सांगितले, "ताई काळी चारमध्ये गाणार आहेत, लावून घे." काळी चार म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हते.

गिटार स्वतः शिकू पाहणाऱ्याने कॉर्डच्या (एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांच्या) बरोबरीने पहिल्याच महिन्यात शिकून घ्यावी अशी ही गोष्ट आहे. आपल्याकडे गायक पेटीच्या पट्टीवरून आपला मूळ स्वर, म्हणजे सा, सांगतात; काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, त्यापुढे एफ शार्प, जी शार्प आणि ए शार्प. या स्वरांत खुल्या तारांचे कॉर्ड सहज मिळत नाहीत, म्हणून कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लागतो: काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर (मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या पहिल्या घरात) कॅपो लावून सीच्या आकारात, म्हणजे सीमध्ये वाजवताना ठेवतो तशी बोटे ठेवून, वाजवावे, काळी चारसाठी तिथेच ठेवून जीच्या आकारात, आणि काळी पाचसाठी तो तिसऱ्या फ्रेटवर नेऊन जीच्याच आकारात. त्या रात्री काकांनी हे मध्यंतरात कागदावर लिहून दिले, आणि उत्तरार्धात मी निदान सुरात होते.

ठेक्याचे शिक्षण मात्र कागदावर होत नाही. एकट्याने वाजवणाऱ्याचा उजवा हात चार मात्रांच्या सवयीचा असतो. केरवा तालात ते निभावते, पण दादऱ्याच्या सहा मात्रांत तो हात अडखळतो आणि रूपकात, जिथे सात मात्रा असून सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'वर (डग्ग्याच्या घुमाऱ्याविना) येते, तो पार हरवतो. मी त्यानंतर वर्षभर एका तबलजींच्या घरी रविवारी बसले. पहिले दोन महिने त्यांनी मला कॉर्ड वाजवू दिलेच नाहीत. तारांवर हात ठेवून फक्त डग्ग्याच्या घुमाऱ्याबरोबर आघात करायचे, एवढेच काम होते. आज मला जी काही कामे मिळतात, ती त्या दोन महिन्यांमुळे, असे मी मनापासून मानते.

रेकॉर्डिंगमध्ये तबलजीच्या जागी क्लिक, म्हणजे कानात ठरावीक लयीत वाजणारी टकटक, असते, आणि तिथे सांभाळून घेणारे कोणी नसते. रेकॉर्ड झालेले संगणकाच्या पडद्यावर पाहिले तेव्हा कळले की सोप्या कॉर्डवर मी क्लिकच्या आधी पोहोचते आणि एफचा बारे कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा) आला की मागे राहते. मिनिटाला नव्वद मात्रांच्या लयीत एका मात्रेला एक सेकंदाचा दोनतृतीयांश भागच मिळतो. त्यामुळे लय साठवर आणून फक्त कॉर्ड बदलण्याचा सराव करावा लागला.

घरी रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवावा आणि माइक गिटारच्या भोकासमोर न धरता बाराव्या फ्रेटच्या दिशेने वीतभर अंतरावर ठेवावा, कारण भोकासमोर खर्जाची गुंज फार होते. रुळांजवळ राहणाऱ्यांना शेवटच्या लोकलची वाट पाहावी लागते. माझे पहिले चार डेमो रात्री दीडनंतरचे आहेत. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पिते आणि तारा गंजतात, म्हणून गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. नव्या तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशीच चढवाव्यात, म्हणजे त्या ताणून स्थिरावतात.

स्टुडिओतली कामे मला अर्ज करून मिळाली नाहीत. मंडपात आणि नाट्यगृहांत सोबत वाजवलेल्या वादकांनी संयोजकांना माझे नाव सांगितले. मानधन किती आणि कधी मिळणार, हे जाण्यापूर्वीच लेखी विचारावे. मी एकदा ते विचारले नाही, आणि तीन दिवसांच्या डबिंगचे पैसे आजतागायत मिळालेले नाहीत.

चाल स्वतःची असेल तर कागद आणखी काळजीपूर्वक वाचावा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला आपला वाटा गीतकार आणि संगीतकार निर्मात्याला लिहून देऊ शकत नाहीत. त्या वाट्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व घ्यावे लागते. मी ते पहिले गाणे प्रकाशित होण्याच्या आधीच घेतले.