वादळ येतं तेव्हा मासे पाळणाऱ्यांच्या गटाने काय करायचं

आमचा गट मासेवाल्यांचा. पाळणाऱ्यांचा, विकणाऱ्यांचा नव्हे. पेणमध्ये राहून हे दरवेळी सांगावं लागतं. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा पनवेलपासून दापोलीपर्यंत आमची एकतीस घरं होती. त्या महिन्यात आम्ही काही बरं केलं, बराच गोंधळ घातला. मे महिना आला की नवे लोक विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी वही करा. खरी, कागदाची. निसर्गच्या दुसऱ्या दिवशी दक्षिण रायगडातले मोबाइलचे टॉवर बंद होते आणि आमची सगळी यादी फोनमध्ये होती. माझा फोन चालू होता, पण श्रीवर्धनच्या काकांचा बंद, आणि त्यांच्या शेजाऱ्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. आता वहीत प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी असतात: शेजारी कोण, मुंबई-पुण्याला जवळचं कोण राहतं, टाकी किती फुटी आणि कोणते मासे, घरावर कौलं, पत्रा की स्लॅब. शेवटचा रकाना माशांसाठी नाही, हे उघड आहे.

त्याच वहीत निरोपाचं घर ठरवून ठेवा. किनाऱ्यापासून आत, मोठ्या रस्त्यावर. आमचं माणगावला आहे. श्रीवर्धन, म्हसळा, दिवेआगरचा माणूस रेंज शोधत, बॅटरी चार्ज करायला, गोळ्या घ्यायला माणगावपर्यंत येतोच. तिथल्या आमच्या एका वहिनींच्या ओट्यावर दोन पाट्या लावल्या: एकीवर ज्यांची खबर आली ते, दुसरीवर ज्यांची नाही ते. कोणीही येणारा-जाणारा वाचायचा आणि ‘अहो, हे तर आमच्या आळीतले’ म्हणायचा. अकरा जणांची खबर अशीच कळली.

इशारा आल्यावर

एक-दोन दिवस मिळतात. पहिलं काम, माशांना खायला घालणं बंद. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. खाल्लं की घाण होते, घाणीचा अमोनिया होतो आणि फिल्टर बंद असताना तोच मारतो. नव्या सभासदांना हे पटत नाही, जीव तुटतो त्यांचा. पटवा.

वादळाच्या आदल्या दिवशी एक तृतीयांश पाणी बदला आणि झाकणाच्या दोन टिपा, म्हणजे पिंपं, पाण्याने भरून घरात ठेवा. विजेची सगळी बटणं बंद करून प्लग उपटा. भरलेली टाकी उचलायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत पन्नास किलोंहून जास्त पाणी असतं आणि तळाची काच कधी बोलेल सांगता येत नाही. कौलांच्या घरात टाकीवर प्लायवूडची फळी आणि तिच्यावर जाडशी गोधडी घालावी. काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची पद्धत आहे, तिने काच मजबूत होत नाही. छप्पर कच्चं असेल तर मासे काढून बादलीत घ्या आणि बादली माजघरात, आतल्या भिंतीशी.

यात गटाचं काम काय? फोन. प्रत्येकाने तीन घरांना फोन करायचा आणि ‘तयारी झाली का?’ असं विचारायचं नाही, कारण सगळे हो म्हणतात. ‘टाकीवर काय घातलंत?’ असं विचारायचं.

वीज नसताना

इथे मी जरा रेंगाळणार, कारण मासे इथेच गेले. वादळाच्या दिवशी एकतीस घरांत मिळून फार तर दहा मासे मेले असतील. उरलेले पुढच्या आठ दिवसांत.

माहेरी म्हसळ्याला वीज आली तेविसाव्या दिवशी. इतके दिवस कोणता इन्व्हर्टर पुरणार? जूनच्या उकाड्यात पाणी तिशीला टेकतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात पाणवनस्पती दाट असतील तर रात्री त्याही तोच वापरतात. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले की समजा, उशीर होत चाललाय.

सगळ्यात स्वस्त उपाय तांब्या. टाकीतलंच पाणी तांब्याने घेऊन हातभर उंचीवरून परत ओतायचं, दर तासाला वीसेक वेळा. घरातल्या पोरांना पाळी लावून द्या. माझा भाचा पाढे म्हणत ओतायचा. यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप पॉवरबँकेवर बराच चालतो, एका रात्रीची चिंता मिटते. पण काही पॉवरबँका इतक्या कमी विजेला ‘काही जोडलेलंच नाही’ समजून आपोआप बंद होतात. आधीच लावून, रात्रभर ठेवून बघा. रोह्याच्या एका दादांनी ट्रकची जुनी ट्यूब फुगवून घेतली, तिला नळी जोडली आणि सलाईनच्या नळीवरचा चिमटा लावून हवा थेंबाथेंबाने सोडली. रात्र निघत नाही, पण दोन-तीन तास डोळा लागतो.

फायटर आणि गुरामी वरची हवा घेतात, ते तगतात. एंजल, ऑस्कर, गोल्डफिश यांच्याकडे आधी बघा.

बंद डब्याचा, म्हणजे कॅनिस्टर फिल्टर असेल तर वीज गेल्यावर तासाभरात उघडा. आतले अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू हवेविना मरतात, पाणी सडतं, आणि पंधरा दिवसांनी वीज आल्यावर बटण दाबलं की तो सगळा विषारी काळा गाळ टाकीत. मुरूडच्या ताईंचे सगळे मासे वीज आल्याच्या आनंदात गेले. आतले स्पंज, खडे काढून टाकीतच ठेवावेत, ओले राहतात. पुन्हा जोडण्याआधी टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्यावेत.

विहिरीचं पाणी वादळानंतर ताबडतोब वापरू नका. पाला कुजलेला असतो, किनाऱ्याजवळ खारटही होतं. म्हणून त्या दोन टिपा.

‘बाकी ठीक’

श्रीवर्धनच्या काकांचा निरोप पाचव्या दिवशी माणगावला आला. चिठ्ठीत दोन वाक्यं: ‘एंजल गेले. बाकी ठीक.’ आम्ही गटात हळहळलो, कोणी नवी जोडी देतो म्हणालं. मग माणगावच्या वहिनींनी चिठ्ठी आणणाऱ्याला चहा पाजून चौकशी केली. बाकी ठीक म्हणजे अर्धं छप्पर उडालेलं, वाडीतल्या रोठा सुपारीची चाळीस झाडं आडवी, आणि काकू तीन दिवस ओल्या घरात तापाने.

कोकणात मदत मागत नाहीत. छप्पर गेलं हे सांगायला लाज वाटते. मासे मेले हे सांगता येतं. तेव्हा माशांची खबर आली की तीच दारात पाय ठेवायची जागा. ‘कसे आहात?’ विचारू नका. ‘किती कौलं गेली? चूल कुठे पेटवता? रात्री झोपता कुठे?’ असं विचारा. आकडा विचारला की आकडा मिळतो.

गटात तेव्हा एकाने लिहिलं होतं, माणसांची घरं गेलीत आणि तुम्ही माशांना हवा कसली घालताय. राग आला होता मला. आज वाटतं, बरोबर होतं त्याचं, फक्त अर्धं. वटपौर्णिमा वादळानंतर दोनच दिवसांनी होती; म्हसळ्याला आमच्या आळीचा वडच उन्मळून पडला होता, आई पडलेल्या वडाला सूत गुंडाळून आली. त्या घरात माझ्या भाच्याचे सात गप्पी बादलीत जिवंत होते, आणि दिवसातून दहा वेळा सगळे ती बादली बघायला जायचे.

सामान पाठवायचं तर असं. आम्ही पहिल्या फेरीत काय पाठवलं? माशांचं खाणं, तीन किलो. वर सांगितलंय ना, खायला घालू नका! दुसऱ्या फेरीत शहाणपण आलं: जाड ताडपत्री, नायलॉनची दोरी, खिळे, मेणबत्त्या, टॉर्चचे सेल, आणि सोबत दोन बॅटरीचे पंप. ताडपत्री लांबून आणा, पुण्याहून किंवा पनवेलहून. जवळच्या बाजारात ती मिळत नाही, मिळाली तर भाव विचारू नका. तेव्हा टाळेबंदी होती, जिल्हा ओलांडायला परवानगी लागे, म्हणून आम्ही भाजीच्या टेंपोवाल्याला धरलं. पैसे एकाच्याच हातात ठेवा आणि कोणाला काय दिलं ते गटात जाहीर करू नका. एकदा केलं. ज्यांना दिलं होतं ते दोन महिने बोलले नाहीत.

मासे दुसरीकडे हलवायचे तर: एक दिवस उपाशी, दुहेरी पिशवी, एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, थर्माकोलची पेटी. साध्या हवेवर चार-पाच तास धरा, जास्त नाही. पेणला मूर्ती पॅक करणारे हात आहेत, त्यामुळे हे काम आमच्याकडे आलं. नऊ घरांचे मासे माझ्याकडे होते, प्रत्येक टबावर मालकाचं नाव. वाढलेले गप्पी आम्ही न वापरत्या हौदांत सोडले, डासांच्या अळ्या खातात म्हणून. ओढ्यात, नदीत मात्र सोडू नका, देशी मासे मार खातात.

आणि नवे मासे भेट द्यायची घाई करू नका. काकांना एंजलची जोडी देणारे तिघे होते, ठेवायला कोरडी भिंत नव्हती. दिवाळीच्या आसपास त्यांचा स्वतःहून फोन आला. मासे नको म्हणाले, तुझ्या टाकीतला जुना स्पंज दे. चालत्या फिल्टरमधला स्पंज नव्या टाकीत टाकला की जिवाणू आयते मिळतात, महिनाभराची वाट वाचते. मी तो टाकीच्या थोड्या पाण्यासकट पिशवीत घातला, पिशवीत हवा ठेवली, धुतला अजिबात नाही, आणि सकाळच्या श्रीवर्धन गाडीला दिला. संध्याकाळी काकांचा फोन. स्पंज पोचला, वास बरा येतोय, आणि काकू विचारतायत, पिशवी परत पाठवायची का.