देशांना ‘उदार’ आणि ‘सनातनी’ ठरवताना या चुका टाळा

परदेश पानावर सोळा वर्षं काढली, आता पत्रकारितेच्या मुलांना शिकवते. दर वर्षी जगातल्या उदारमतवादी देशांची क्रमवारी लावणारा एक तरी प्रकल्प टेबलावर येतो. वर स्वीडन, खाली इराण, मधे भारत, शेजारी रंगीत नकाशा. बघायला छान असतो. मी पहिल्याच पानावर लाल पेनने ‘कुठल्या बाबतीत?’ एवढंच लिहून परत देते. पोरं चिडतात, चिडू देत.

पक्षाच्या नावावर जाणं

ही चूक मी स्वतः केली आहे, छापून केली आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

जून 2015. डेन्मार्कमध्ये सत्ताबदल झाला. एजन्सीची बातमी जेमतेम पाच ओळींची, आणि जिंकणाऱ्या आघाडीच्या नेत्याचा पक्ष कुठला, तर ‘वेन्स्ट्रे’. मी हुशारी केली. शब्दकोश उघडला. वेन्स्ट्रे म्हणजे डावा. झालं, ‘डेन्मार्क डावीकडे झुकला’ असा दोन स्तंभी मथळा दिला आणि चहाला गेले. तिसऱ्या दिवशी ऑर्हूसमध्ये राहणाऱ्या एका मराठी इंजिनिअरचा मेल आला: “ताई, तुमचं भाषांतर शंभर टक्के बरोबर आहे, बातमी शंभर टक्के चूक आहे.”

वेन्स्ट्रे नावाने डावा असला तरी आज तो मध्य-उजवा, कर कमी ठेवा म्हणणारा पक्ष आहे. एकोणिसाव्या शतकात राजा आणि जमीनदारांच्या विरोधात शेतकरी उभे राहिले तेव्हा ते ‘डावे’ ठरले. काळ पुढे गेला, पाटी तीच राहिली. त्या निवडणुकीत हरले ते सोशल डेमोक्रॅटांचं सरकार, आणि सगळ्यात मोठी उडी मारली ती स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या डॅनिश पीपल्स पार्टीने, ती थेट दुसऱ्या क्रमांकावर. म्हणजे देश ज्या दिशेला झुकला होता, त्याच्या नेमकी उलटी दिशा मी छापली होती. दुरुस्ती आली आतल्या पानावर, कोपऱ्यात, आणि संपादकांनी आठवडाभर मला ‘काय, डावीकडून चहा?’ म्हणून छळलं.

तेव्हापासून पाट्यांवर माझा विश्वास नाही. जपानमध्ये 1955 पासून बहुतेक काळ राज्य करणारा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष चांगलाच परंपरावादी आहे. तिथे लग्नानंतर नवरा-बायकोला एकच आडनाव लावण्याची कायद्याने सक्ती आहे. ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष तिथला उजवा पक्ष. पोर्तुगालचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष मध्य-उजवा. रशियात झिरिनोव्स्कींनी वाढवलेला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष तर कडवा राष्ट्रवादी, लिबरलही नाही आणि डेमोक्रॅटिकही नाही. आपण ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्हांना ‘हुजूर पक्ष’ म्हणतो, आणि त्या ‘हुजूर’मध्येच वाचकाला त्यांचं सगळं धोरण कळल्यासारखं वाटतं. पण इंग्लंड-वेल्समध्ये समलिंगी विवाहाचा कायदा 2013 मध्ये आणला तो हुजूर पक्षाच्याच पंतप्रधान कॅमेरून यांनी. गंमत म्हणजे विधेयकावरच्या मुख्य मतदानात त्यांच्याच पक्षाचे विरोधातले खासदार बाजूने मत देणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले.

माझी सवय सांगते. युरोपातला पक्ष असेल तर तो युरोपीय संसदेत कुणाच्या गटात बसतो ते आधी बघते. पोर्तुगालचे ते ‘सोशल डेमोक्रॅट’ जर्मनीच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटांच्या गटात बसतात, तिथेच उलगडा होतो. युरोपाबाहेरचा असेल तर त्याचा शेवटचा अर्थसंकल्प वाचते. पंधरा मिनिटांचं काम आहे. विकिपीडियाच्या उजवीकडच्या चौकटीतला एक शब्द उचलायला पंधरा सेकंद लागतात, म्हणून कुणी ते करत नाही.

‘लिबरल’चं एकच भाषांतर

अमेरिकेत लिबरल म्हटलं की डेमोक्रॅट, सरकारने गरिबांसाठी खर्च करावा म्हणणारा. नेदरलँड्समध्ये लिबरल म्हणजे बाजाराला मोकळं सोडा म्हणणारा. आपल्याकडे दोन्ही शब्द एकाच मुळातून आले: ‘उदारमतवादी’ आणि 1991 चं ‘उदारीकरण’. युरोपातला लिबरल यातल्या दुसऱ्याच्या जवळचा. बातमी लिहिताना मी ‘लिबरल’ हा शब्दच काढते आणि तो माणूस काय मागतोय ते लिहिते.

सगळ्यांना एकाच रेषेवर उभं करणं

आपल्याला तर हे शाळेतच कळायला हवं होतं. इंग्रजांशी टिळक जहाल, पण 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांचा विरोध. रानडे-गोखले राजकारणात मवाळ आणि सामाजिक सुधारणेत पुढे. आता यांना एका रेषेवर बसवून दाखवा. दहावीच्या इतिहासात हे पाठ केलेली मुलं परदेशाचा विषय निघाला की सगळं विसरतात.

पोलंडच्या ‘कायदा आणि न्याय’ पक्षाने 2016 मध्ये मुलांमागे दरमहा 500 झ्लॉटी थेट आईबापांच्या हातात द्यायला सुरुवात केली. त्याच पक्षाच्या राज्यात 2020 मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भपात जवळपास बंद करून टाकला. डावा की उजवा? पैशाच्या बाबतीत डावीकडे, चर्चच्या बाबतीत पार उजवीकडे. स्वीडनचं उलट. सगळ्यांना तो डाव्यांचा स्वर्ग वाटतो, पण तिथे वारसा कर नाही, संपत्ती करही 2007 मध्ये काढून टाकला. मुलं मारून वळण लावणं 1979 पासून बेकायदा. कडक दारू हवी तर बहुतेक वेळा सरकारी दुकानातच जायचं, आणि रविवारी तेही बंद. वेश्येकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकावर 1999 पासून गुन्हा. यातलं उदार कुठलं आणि सनातनी कुठलं, हे ठरवायला बसलात तर अख्खी संध्याकाळ जाईल.

सर्वेक्षणातला आकडा डोळे मिटून उचलणं

दुसरी माझी लाडकी चूक. विद्यार्थिदशेत पैशांसाठी एका संस्थेच्या सर्वेक्षणाला जायचे. फॉर्ममागे पैसे. माण तालुक्यातलं गाव, दुपारची वेळ, पडवीत एक आजी शेंगा फोडत बसलेल्या, दारात सून उभी. माझ्या हातात 1 ते 10 आकड्यांचं कार्ड. प्रश्न होता: गर्भपात कितपत समर्थनीय वाटतो? 1 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे नेहमीच.

आजींनी शेंग खाली ठेवली. “कुणाचा पाडायचा? पोरीचा का पोराचा?”

मी म्हटलं, तसं नाही आजी, एकंदर.

“एकंदर कसा आसंल? काय तरी कारण आसंल की.” मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, “हिला तिसरी होती तवा डॉक्टरकडं न्यायचं म्हनत हुते सगळे. म्या न्हाई नेऊ दिली.” सून आत निघून गेली. मी कार्ड पुढे केलं. आजी म्हणाल्या, तूच लिही काय ते. मी 1 लिहिला आणि पुढच्या घरी गेले.

त्या 1 ला नकाशावर काय म्हणणार? ‘ग्रामीण महाराष्ट्र, परंपरावादी’. पोलंडमधल्या कुणी चर्चचं ऐकून दिलेला 1 आणि या आजींचा 1 एकाच खणात पडला. इकडे मुलगी मारू दिली नाही म्हणून बाई सनातनी ठरली! भारतात गर्भपाताचा कायदा 1971 सालचा आहे, अमेरिकेत गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या ‘रो’ निकालाच्या दोन वर्षं आधीचा. पण मधे सोनोग्राफीची यंत्रं आली, लिंगनिदान आलं, 1994 मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. हा सगळा इतिहास त्या प्रश्नात शिरून बसलेला असतो. शिवाय सासू समोर असताना मी सुनेला विचारलं असतं, तर तिने काय सांगितलं असतं?

सर्वेक्षणं टाकाऊ आहेत असं म्हणणं नाही माझं. देशोदेशींच्या लोकांची मूल्यं विचारणारा वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे 1981 पासून चालू आहे आणि इंगलहार्ट-वेल्झेल या अभ्यासकांचा त्यावर बेतलेला नकाशा मी स्वतः वर्गात दाखवते. पण त्यावर एक नाही, दोन अक्ष आहेत. उभा: परंपरा विरुद्ध धर्मनिरपेक्ष-तर्कनिष्ठ. आडवा: जगण्याची धडपड विरुद्ध स्वतःला व्यक्त करणं. आडव्या अक्षात तुम्ही आनंदी आहात का, लोकांवर विश्वास ठेवता का, हेही मोजलेलं असतं. ‘उजव्या टोकाला म्हणजे उदार’ असं सरळ वाचणाऱ्याने खालची टीप वाचलेली नसते. मी आधी प्रश्नावली उघडते, मूळ प्रश्न मराठीत मोठ्याने वाचते, आणि आजी ‘कुणाचा?’ विचारतील का ते बघते. विचारतील असं वाटलं, तर तो आकडा एकटा छापत नाही.

कायदा म्हणजे लोक असं धरणं

माझ्या वहीत प्रत्येक देशाला दोन रकाने असतात: कायदा आणि लोक. दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या घटनेत लैंगिक कलावरून भेदभावाला बंदी आहे, 2006 पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे, आणि समाज कित्येक बाबतींत त्याच्या मागे. जपानमध्ये उलट: पाहण्यांमध्ये बहुसंख्य लोक अशा विवाहाला हो म्हणतात, देशाचा कायदा मान्यता देत नाही. रकाने एकत्र केले की दोन्ही देश मधल्या कुठल्या तरी जागी येऊन पडतात आणि सारखेच दिसतात.

इराणसाठी मात्र दोन रकानेही पुरत नाहीत. समलिंगी संबंधांना मृत्युदंडापर्यंत शिक्षा, आणि लिंगबदल शस्त्रक्रियेला खोमेनींच्या फतव्यापासून परवानगी.

वर्ष न लिहिणं

देश काही दगडाचा नसतो. आयर्लंडमध्ये 1995 पर्यंत घटस्फोटच नव्हता, त्याचं सार्वमत निसटत्या 50.28 टक्क्यांनी जिंकलं. वीस वर्षांत, 2015 मध्ये, समलिंगी विवाहाला 62 टक्के. 2018 मध्ये गर्भपातबंदी घटनेतून काढायला 66 टक्के. मधे 2017 मध्ये लिओ वराडकर पंतप्रधान झाले, आणि मालवणजवळच्या वराडचा नातू म्हणून आपल्याकडे कौतुकाचे मथळे आले. त्यातल्या किती जणांनी लिहिलं की उघडपणे समलिंगी असलेल्या या माणसाचा फिने गेल पक्ष मध्य-उजवा आहे? बरं, ‘आयर्लंड आता सुधारला’ म्हणावं, तर मार्च 2024 मध्ये कुटुंबाची व्याख्या रुंद करणारी आणि घटनेतला ‘घरातली स्त्री’ हा उल्लेख काढणारी, अशी दोन्ही सार्वमतं लोकांनी दणकून पाडली. सनातनीपणापेक्षा सरकारची मोघम शब्दरचना जास्त नडली, असं तिथले बरेच जण सांगतात. म्हणून वहीत देशाच्या नावाआधी कोपऱ्यात वर्ष.

बाकीच्या, पटापट

देशाची सरासरी काढू नका. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मत मिळालं 1971 मध्ये, तिथल्याच अपेनझेल इनररोडन या प्रांतात स्थानिक मतासाठी 1990 मध्ये न्यायालयाचा निकाल यावा लागला. आपण ते 1950 च्या घटनेतच देऊन बसलो होतो.

पर्यटकाच्या डोळ्यांनी बघू नका. थायलंडमध्ये जानेवारी 2025 पासून समलिंगी विवाह आहे, आणि राजाविरुद्ध एक पोस्ट टाकली की 15 वर्षांपर्यंत तुरुंग आहे.

देशोदेशींची लोकशाही मोजणाऱ्या व्ही-डेम संस्थेच्या लिबरल डेमोक्रसी निर्देशांकात निवडणुका, नागरी स्वातंत्र्य आणि न्यायालय-संसद सरकारला किती वेसण घालतात ते मोजतात, करही नाही आणि लग्नही नाही. दर वर्षी कुणीतरी तो ‘उदारपणाचे गुण’ म्हणून चिकटवतंच.

आणि एक्सेलमध्ये बेरीज करू नका. गेल्या वर्षी एका गटाने फाशी, गर्भपात, कर, दारू, विवाह यांना प्रत्येकी वीस गुण देऊन नेदरलँड्स पहिला काढला. मी विचारलं, दारूला आणि फाशीला सारखेच गुण का? उत्तर आलं, “मॅडम, शंभर व्हायला हवेत ना.”