पासवर्ड मागणारी माणसं चांगलीच असतात

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या औषध कंपन्यांत आयटी, क्यूसी (मालाची तपासणी) किंवा क्यूएला (गुणवत्तेची हमी बघणारा विभाग) नव्याने लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. फिशिंग, पेनड्राइव्ह, पासवर्डची लांबी हे सगळं इंडक्शनमध्ये सांगतात, त्याची परीक्षाही घेतात आणि त्यात कोणी नापास होत नाही. ते इथे पुन्हा उगाळत नाही.

खरी अडचण पहिल्याच आठवड्यात येते, आणि ती आणणारी माणसं मनाने अगदी चांगली असतात. राजेंद्र नगरहून तुमच्याच बसने येणारे काका असतात, डब्यातली भाजी आग्रहाने वाढणारी ताई असते. "अगं, तुझा आयडी यायला वेळ लागेल, तोवर सगळ्यांच्या कॉमन आयडीवर कर. घरचाच मामला आहे." आता एवढ्या मायेने बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं तर आल्याआल्या आगाऊ ठरू, ही भीती मला चांगली ठाऊक आहे.

तरीही नाही म्हणा.

माझ्या पहिल्या नोकरीत लॅबच्या कॉम्प्युटरांचा ॲडमिन आयडी एकच होता आणि तो आम्ही तिघं वापरायचो. नवीन माणसाला कामच त्या आयडीवर मिळायचं, दुसरी सोय नव्हती. एका ऑडिटच्या तयारीत एचपीएलसीच्या (औषधाचा नमुना तपासायच्या यंत्राच्या) कॉम्प्युटरचा इव्हेंट लॉग, म्हणजे घडामोडींची आपोआप होणारी नोंद, तपासला गेला. विंडोज घड्याळ बदलल्याची नोंद ठेवतं, आणि नोंदींचा क्रम वेळ मागे नेली तरी बदलत नाही. त्या क्रमात स्वच्छ दिसत होतं: रात्री घड्याळ मागे घेतलं, सॅम्पल चालवलं, घड्याळ परत पुढे आणलं. आजची चाचणी कालच्या तारखेची दिसावी म्हणून. समोर नाव काय? ॲडमिन.

तिघांत नवी मी. चौकशीच्या खोलीत तेच प्रश्न फिरून फिरून विचारले गेले, आणि ज्या सीनियरांनी पासवर्ड दिला होता ते "हिला सगळं नीट समजावलं होतं" एवढं बोलून गप्प बसले. त्या संध्याकाळी मी बसने घरी गेले होते हे गेटच्या पंचिंगवरून निघालं, म्हणून सुटले. घड्याळ कोणी फिरवलं ते आजतागायत कळलेलं नाही आणि कधी कळणारही नाही, कारण तीन माणसांची एकच सही होती. अजूनही ऑडिटची तारीख लागली की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगणार. आपल्या क्षेत्रात डेटा इंटिग्रिटीसाठी, म्हणजे नोंदी खऱ्या आणि भरवशाच्या राहाव्यात म्हणून, 'अल्कोआ' हे आद्याक्षरांचं सूत्र पाठ करून घेतात. त्यातलं पहिलंच अक्षर 'ॲट्रिब्युटेबल'चं आहे: काम कोणी केलं ते नोंदीवरून कळलं पाहिजे. अमेरिकेच्या एफडीएचा (तिथल्या औषध नियामक संस्थेचा) इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम, भाग ११, १९९७ पासून लागू आहे. डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शनात तर त्यांनी सरळ लिहिलंय की लॉगिन वाटून वापरलं तर व्यक्ती ओळखता येत नाही, आणि अशी यंत्रणा नियमात बसत नाही. कॉमन आयडी ही तुमच्या ताईची माया असेल, पण तपासणीला येणाऱ्याच्या लेखी तो दोषच आहे.

मग हे चालतं कसं? बऱ्याचदा पैशामुळे. सॉफ्टवेअरचं लायसन्स माणशी मोजून घ्यावं लागतं, मग चार जणांत एक आयडी. हे कारण समजून घ्या, म्हणजे सीनियरांवर चिडायची गरज उरत नाही.

रुजू झालात त्याच दिवशी आयडीची मागणी मेलवर टाका, तोंडी नको. आयडी येईपर्यंत शेजारी बसून काम बघा, मॅन्युअल वाचा, एसओपी (कामाच्या ठरवून दिलेल्या लेखी पद्धती) वाचा. जुन्या उपकरणावर वेगळं लॉगिन बनतच नसेल तर लॉगबुकात तारीख, वेळ, नाव आणि सही तिथल्या तिथे करा, आणि सोय होत नाही हे क्यूएला लेखी कळवा. रजेवर जाताना कोणी तुमचा आयडी मागितला तर एवढंच म्हणा: "काका, आयडी नाही देता येणार, पण काम कोणाकडे सोपवायचं ते साहेबांकडून मंजूर करून घेते." बऱ्याच सिस्टीममध्ये ठरावीक तारखांपुरते अधिकार सोपवायची सोय असते, फक्त वापरत कोणी नाही. काका दोन दिवस फुगून बसतील, मग बोलायला लागतील. माझ्याशी बोलायला लागले.

मेंटॉरबद्दल माझं मत ठाम आहे. आल्या दिवशी 'सगळे शॉर्टकट शिकवतो' म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. चहाला उठताना स्क्रीन लॉक करणारं माणूस शोधा आणि त्याच्याजवळ बसा. मला अशा एक क्यूए मॅडम भेटल्या आणि पुढचं सगळं त्यांच्याकडून शिकले. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाचा ऑडिटर कोर्स करायची घाईही नको. २०२२ च्या आवृत्तीतले ९३ कंट्रोल, म्हणजे सुरक्षेचे उपाय, घोकून काहीच हाती लागत नाही, आधी एका कंपनीत ते पाळताना किंवा मोडताना बघा.

आणि चुकून एखादी लिंक दाबली गेली, तर त्या क्षणी सांगा. दुपारपर्यंत थांबू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. तुम्ही गप्प राहिलात तर तेवढा वेळ हल्ला करणाऱ्याला मिळतो. ओरडा बसेल, बसू द्या. लगेच सांगणाऱ्याला कोणी नोकरीवरून काढल्याचं मी पाहिलेलं नाही. सांगणाऱ्याचा सगळ्यांदेखत पाणउतारा करणारे साहेब मात्र पाहिलेत, आणि अशा विभागात पुढे कोणी काही सांगत नाही. तिथून वर्षभरात बाहेर पडायच्या तयारीला लागा.

नोकरी सोडून निघतानाही आयडी बंद केल्याचा मेल हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. हिशेबाचा चेक चार दिवस उशिरा आला तरी चालेल.