भाडेकरू परस्पर घर एअरबीएनबीवर देतोय? फोन नंतर करा

आपलं घर भाडेकरूने एअरबीएनबीवर (प्रवाशांना थोड्या दिवसांसाठी घरं भाड्याने देणारं अ‍ॅप) टाकलंय हे कळलं की हात आधी फोनकडे जातो. जरा थांबा. तुम्ही खडसावलंत की लिस्टिंग, म्हणजे तिथली घराची जाहिरात, गायब होणार, आणि मग "मावसभाऊ आला होता हो, चार दिवस" हे ऐकून घ्यावं लागणार. आधी पुरावा गोळा करा.

बुकिंग पक्कं होईपर्यंत तिथे सहसा घराचा नेमका पत्ता दिसत नाही, नकाशावर अंदाजे जागा दिसते. नावही भलत्याचंच असू शकतं. म्हणून नाव-पत्त्याच्या मागे न लागता फोटो निरखा. मी माझं घर ओळखलं ते ओट्यामागच्या टाइल्सवरून. निळ्या फुलांच्या ओळीत एक कोरी पांढरी टाइल आहे. नळाच्या कामात फुटली तेव्हा जुळणारी मिळाली नाही, म्हणून मीच बसवून घेतलेली. बाकी पडदे, कुंड्या, पिवळे दिवे लावून माझ्या भाडेकरू बाईंनी घराचं रूप पार पालटलं होतं. (माझ्यापेक्षा छान सजवलं होतं, खोटं कशाला बोलू.) घर ताब्यात देण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवा, ते इथेही कामी येतात.

लिस्टिंग सापडली की स्क्रीनशॉट घ्या, पानाचा दुवा आणि तारीख दिसेल असे. सगळ्यात मोलाचे असतात पाहुण्यांचे रिव्ह्यू, कारण त्यांवर महिना-वर्ष असतं. "एकदाच दिलं होतं" ही सबब तिथेच संपते. कॅलेंडरवर मात्र विसंबू नका. बंद दिसणारी तारीख बुकिंगमुळेच बंद असते असं नाही.

आता करारनामा काढा. "पोटभाडेकरू ठेवू नये" एवढंच लिहिलं असेल तर भाडेकरू म्हणेल, ते पोटभाडेकरू नाहीत, हॉटेलात उतरतात तसे पाहुणे आहेत. हा युक्तिवाद मेलबर्नच्या एका फ्लॅटवरून खरंच कोर्टात गेला होता. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल घरमालकाच्या बाजूने दिला: राहण्याच्या काळात पूर्ण घराचा ताबा पाहुण्यांकडेच होता, म्हणजे ते पोटभाडंच. पण तिथे पूर्ण घर दिलं होतं. भाडेकरू स्वतः राहून एकच खोली देत असेल तर मुद्दा इतका सरळ राहत नाही. म्हणून पुढच्या करारात स्पष्ट लिहून घ्या: पोटभाड्याने, पाहुणा म्हणून किंवा कोणत्याही अ‍ॅपवरून, पूर्ण घर किंवा त्याचा भाग, पैसे घेऊन कुणालाही राहायला द्यायचा नाही.

मग लेखी नोटीस: कोणतं कलम मोडलं, कोणत्या तारखांना, लिस्टिंग कधीपर्यंत काढायची. मजकूर वकिलाला दाखवाच, कारण नियम गावागणिक बदलतात. लंडनमध्ये वेगळ्या परवानगीशिवाय पूर्ण घर वर्षाला ९० रात्रीच देता येतं. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमानाला नोंदणी लागते, आणि इमारतीचा मालक आपली इमारत निषिद्ध यादीत घालू शकतो, म्हणजे तिथे अशी नोंदणी मिळत नाही. तुमच्याकडे असं काही असेल तर पालिकेकडे केलेली तक्रार कंपनीच्या तक्रार-फॉर्मपेक्षा जास्त उपयोगी पडते. भाडेकराराच्या भांडणात कंपन्या सहसा पडत नाहीत.

या काळात येणाऱ्या भाड्याचं काय, हेही वकिलाला विचारा. सगळं माहीत असून मुकाट्याने भाडं घेत राहिलात तर पुष्कळ ठिकाणी ती तुमची संमती धरली जाऊ शकते.

कुलूप बदलणं, वीज तोडणं, न कळवता घरात शिरणं यातलं काही करू नका. बाजू तुमची असताना गुन्हा तुमच्यावर यायचा. घराच्या विम्याची पॉलिसीही वाचा, असा धंदा चालत असेल तर नुकसानभरपाई नाकारली जाऊ शकते.

आणि दारात बॅगा घेऊन उभं असलेलं कुटुंब दिसलं तर त्यांच्यावर तोंड सोडू नका. त्यांनी पैसे मोजलेत, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. कुठून बुक केलं आणि किती रात्रींसाठी, एवढं नीट विचारा. बहुतेक जण फोन पुढे करून सगळं दाखवतात.