सर्वांत मोठ्या रात्री घराची राखण : सांगलीकडच्या घरासाठी एक विधी

उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरला वर्षातील सर्वांत मोठी रात्र येते. सांगलीत त्या दिवशी सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे रात्र साधारण १३ तासांची भरते. लंडनमध्ये मात्र उजेड ८ तासांहूनही कमी असतो. अशा थंड, काळोख्या मुलखांत हिवाळ्याच्या मध्यावर घर आणि गोठा राखण्याच्या अनेक रीती रुजल्या. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील बव्हेरियाच्या डोंगराळ भागांत नाताळपासून ६ जानेवारीपर्यंतच्या रात्रींत घरातून व गोठ्यातून धूप फिरवतात. स्कॉटलंडच्या उत्तर भागात नववर्षाच्या सकाळी दारे-खिडक्या लावून जुनिपर या सुगंधी सदाहरित झुडपाच्या फांद्या जाळीत, घर धुराने भरू देत आणि मग सारे उघडून मोकळी हवा आत घेत. आज युरोप-अमेरिकेतील नव्या निसर्गपूजक परंपरा याच काळात ‘यूल’ हा मध्य-हिवाळ्याचा सण पाळतात आणि या जुन्या रीतींतून आपले विधी घडवतात.

हा विधी इथे करायचा, तर त्यासाठी होली या काटेरी पानांच्या युरोपीय झाडाच्या फांद्या किंवा जुनिपर मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथल्या माणसांनी आपल्या रानात जे होते तेच वापरले. आपणही तेच करावे. त्यांच्याकडून घ्यायचा तो क्रम : आधी झाडणे, मग धूर, मग दार आणि शेवटी अग्नी.

आपल्याकडे त्या सुमारास धुंधुरमास सुरूच असतो. पहाटे उठून मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवण्याची रीत ज्या घरी आहे, त्यांनी तो दिवस याच जेवणाने सुरू करावा. दुपारपर्यंत घर झाडून घ्यावे. माळा, जिन्याखालची जागा आणि कपाटामागचा कोपरा वगळू नये, कारण वर्षभर ज्या जागांकडे कोणाचे लक्ष जात नाही, त्यांच्यासाठीच हा खटाटोप आहे.

दिवेलागणीला धूर करावा. गोवरीचा तुकडा बाहेर, अंगणात किंवा गच्चीवर पूर्ण पेटवून त्याचा निखारा होऊ द्यावा आणि मगच तो धुपाटण्यात घ्यावा. अर्धवट पेटलेली गोवरी घरभर नुसता कडवट धूर करते. निखाऱ्यावर चिमूटभर ऊद, वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि मिळाली तर निरगुडीची पाने घालावीत. मागच्या दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांत धूप दाखवत पुढच्या दाराशी यावे. स्कॉटलंडप्रमाणे खिडक्या बंद करण्याची आपल्याला गरज नाही. प्रत्येक खोलीची एक झडप उघडीच असावी. घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल, तर धूर टाळून निरंजन घेऊन तीच फेरी करावी.

विधीचा गाभा उंबऱ्यापाशी आहे आणि इथे घाई करू नये. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या शिवारात ती जमिनीखालच्या पेवांत साठवली जात असे. बाजारच्या पुडीपेक्षा हळकुंड सहाणेवर उगाळून घ्यावे. उंबरा आधी पाण्याने पुसून कोरडा करावा, मग ओली हळद अंगठ्याने डावीकडून उजवीकडे एकाच ओढीत लावावी. जुन्या लाकडी उंबऱ्याचा मधला भाग पायांनी झिजून खोलगट झालेला असतो आणि हळद तिथे जाऊन साचते. ती पुसू नये, सर्वांत जास्त पावले पडणारी ती जागा आहे. हळदीवर कुंकवाची पाच बोटे उमटवावीत आणि दोन्ही टोकांना तिळाच्या तेलाचा एकेक दिवा ठेवावा. फ्लॅटमध्ये उंबऱ्याला पांढरी फरशी असेल, तर हळदीचा डाग निघत नाही. तिथे विड्याच्या पानावर हळद-कुंकू वाहून पान चौकटीशी ठेवावे.

स्कॉटलंडात रोवन या लाल फळांच्या झाडाच्या दोन काटक्या लाल दोऱ्याने आडव्या-उभ्या बांधून दारावर लावत. आपण आंब्याचा डहाळा लाल नाड्याने चौकटीला बांधावा. दाराला बिब्बा टांगण्याची रीत जुनी असली, तरी त्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात. लहान मुलांच्या घरी तो नकोच. खडेमीठ वाट्यांतून चार कोपऱ्यांत रात्रभर ठेवावे आणि सकाळी मोरीत विरघळवून टाकावे, कुंडीत ओतू नये.

अग्नी शेवटी. इंग्लंड-फ्रान्समध्ये या काळात मोठा ओंडका चुलीत जाळीत आणि त्याचा उरलेला तुकडा वर्षभर जपून पुढच्या वर्षीचा ओंडका त्यावरच पेटवीत. तो घरात असला की वीज पडत नाही, आग लागत नाही, अशी समजूत होती. आपल्याला हातभर लांबीची वाळलेली बाभळीची फांदी पुरे. ती उघड्यावर, घमेल्यात वाळू घालून पेटवावी आणि घरातील प्रत्येकाने तिच्यात चिमूटभर तीळ टाकावेत. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत रात्रभर ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणसे दगावतात. झोपण्यापूर्वी विस्तव पाण्याने विझवावा.

आपल्यावर कोणी काही केले आहे या भीतीने, किंवा कोणाविरुद्ध, हे करू नये. भीती घालून पैसे मागणाऱ्या मांत्रिकाला दारात उभे करू नये. अशा लुबाडणुकीला आळा घालणारा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून लागू आहे.

सकाळी बाभळीचा न जळालेला तुकडा पूर्ण थंड झाल्यावर फडक्यात गुंडाळून देवघराखाली किंवा माळ्यावर ठेवावा. राख परसात किंवा कुंडीत थोडी-थोडी मिसळावी. आंब्याची पाने सुकल्यावर खताच्या खड्ड्यात टाकावीत, कृष्णेत सोडू नयेत. ज्यांना डिसेंबरात जमत नाही, त्यांनी हाच क्रम भोगीच्या संध्याकाळी करावा. घर त्या दिवशी एरवीही झाडलेले असते, तीळ घरात आलेले असतात आणि साधारण १,७०० वर्षांपूर्वी मकरसंक्रमण व सर्वांत मोठी रात्र एकाच सुमारास येत असत.