तुटका माल, भरपाई कोणाकडून?

परदेशातून मागवलेल्या मालाचा कंटेनर उघडला तर बरेच खोके चेपलेले, आतल्या मालाला तडे. पुरवठादाराचं उत्तर तयारच होतं: "सौदा एफओबी (फ्री ऑन बोर्ड), माल जहाजावर चढला की जोखीम तुमची." खरंय. पण पॅकिंगच कच्चं असेल तर जबाबदारी त्याचीच, हे तो सोयीस्करपणे विसरला!

माल न हलवता फोटो काढले, नुकसानीची तपासणी करणारा सर्व्हेअर बोलावला, जहाज कंपनीला लेखी नोटीस दिली. हेग-व्हिस्बी या समुद्री मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वरून न दिसणाऱ्या नुकसानीची नोटीस ३ दिवसांत द्यायची असते. दाव्याची मुदत १ वर्ष. सर्व्हेअरच्या अहवालात खोक्यांचा पुठ्ठाच हलका निघाला. अहवाल पाठवल्यावर पुरवठादाराने पुढच्या बिलातून रक्कम मुकाट वजा केली.

सीआयएफमध्येही (किमतीत विमा आणि जहाजभाडं धरलेला सौदा) जोखीम माल जहाजावर चढतानाच आपल्याकडे येते. विमा विक्रेता काढतो, पण किमान, म्हणजे क्लॉज सी, ज्यात मोजक्याच मोठ्या अपघातांना संरक्षण असतं. नाजूक मालासाठी क्लॉज ए, म्हणजे सर्वांत व्यापक संरक्षण, करारातच लिहून घ्या.